दिसायला चांगले टायर

...आणि वर मलाच म्हणतात, तुला कोणी सांगितलं होतं जुने टायर घ्यायला. कोणी सांगायला कशाला पाहिजे? नव्या टायरचा भाव ऐकलात का तुम्ही हल्ली? मी दुकानात विचारला, तर तो माणूस आधी मला म्हणाला, बसा. तुम्हाला सांगतो, ज्या दुकानात भाव सांगायच्या आधी गिऱ्हाइकाला बसवतात ना, त्या दुकानातून उठावं आणि निघावं. मी निघालो. आणि निघालो तो सरळ मामाकडे गेलो. मामा म्हणजे माझा मामा नव्हे, सगळ्या गावाचा मामा, जुने टायर विकतो. तिथंच माझं नशीब फिरलं... फिरलं कसलं, पंक्चर झालं.

आता माझा धंदा काय, तर मी कवळ्या बनवतो. दातांच्या. डॉक्टर माप पाठवतात, मी दात बसवतो. आयुष्यभर हेच केलं, आणि आता मालकानं एक मशीन आणलंय, ते दात छापतं. छापतं हो, लग्नाच्या पत्रिका छापाव्यात तसे. तेव्हापासून मला आठवड्यातून निम्मे दिवस काम आणि निम्मे दिवस घरी बसून बायकोचं तोंड बघायचं. अशा माणसानं नवे टायर घ्यायचे?

मामानं एक टायर काढला, त्यावर थाप मारली आणि म्हणाला, "साहेब, दात बघा याचे. एका डॉक्टरीणबाईंच्या गाडीचे आहेत. घर ते दवाखाना, दवाखाना ते घर. खड्डा म्हणून माहीत नाही त्यांना." बघितलं तर काळेभोर, चकचकीत. मी हात फिरवला, हात काळा झाला. नंतर घरी वास घेतला तेव्हा कळलं, बुटाचं पॉलिश. पण तेव्हा दिसायला चांगले होते हो. चारही घेतले. मामा म्हणाला, तुमची स्टेपनी मला द्या, बदल्यात ही दुसरी देतो, अख्खं चाक, आणि वर हिशेबात सूट. मी दिली. चांगली, न वापरलेली, डिकीत वर्षानुवर्षं झोपलेली स्टेपनी मी माझ्या हातानं उचलून त्याला दिली.

बायको दारातच म्हणाली, "अहो, वापरलेल्या कवळ्या विकता का तुम्ही?"

मी म्हटलं, "काहीतरीच काय."

"मग कोणी वापरलेले टायर का घेता?"

मी म्हटलं, दिसायला चांगले आहेत. ती म्हणाली, तुम्ही मला बघायला आलात तेव्हा मीही असंच काहीतरी म्हणाले होते.

बरं, एवढ्यावर भागलं असतं. पण आला आत्याचा फोन. आणि इथं तुम्हाला आमच्या घरचा इतिहास सांगायला पाहिजे, त्याशिवाय कळणार नाही. माझे बाबा आणि माझी आत्या, सख्खे भाऊ-बहीण, कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कशावरून? शिडीवरून. बाबांची लाकडी शिडी आत्याच्या यजमानांनी माळा झाडायला म्हणून नेली, आणि ती त्यांच्या माळ्याला उंच पडली म्हणून दोन पायऱ्या कापल्या. करवतीनं. आणि तशीच परत आणून दिली, वर म्हणाले, आता आटोपशीर झाली. झालं. बाबांनी ती शिडी अंगणात उभी केली, खाली उभे राहून बघितलं, आणि जे बोलणं बंद केलं ते बंदच. पुढे ते यजमान वारले. बाबा तिच्या घरी गेले होते तेव्हा, पण फाटकाबाहेर उभे राहिले. आत गेले नाहीत. आत्यानं खिडकीतून बघितलं आणि तीही बाहेर आली नाही. हे मला आत्यानंच सांगितलं, नंतर.

तर आत्याचा फोन, शहरातल्या हॉस्पिटलातून. हृदयाचं ऑपरेशन ठरलंय, दुसऱ्या दिवशी सकाळी. माझ्या बायकोला म्हणाली, "त्याला म्हणावं, शिडीचं राहू दे. एकदा तोंड दाखवून जा."

बाबा ऐकून उठले, खोलीत गेले, दार लावलं. बऱ्याच वेळानं बाहेर आले ते इस्त्रीचा शर्ट घालून. म्हणाले, "गाडी काढ. पण एक सांगतो, मध्ये कुठे थांबायचं नाही. चहाला नाही, पेट्रोलला नाही. थांबलो की माझं मन फिरेल. मी मला ओळखतो."

मी म्हटलं, बाबा, नाहीच थांबणार, टायर आत्ताच घातलेत. हे मी म्हटलं. याच तोंडानं म्हटलं.

निम्म्या वाटेवर, जिथं घर नाही, दुकान नाही, झाडसुद्धा नाही, तिथं मागून फटफट असा आवाज यायला लागला. बाबा समोर बघत म्हणाले, "काय आहे?" मी म्हटलं, रस्ता खराब आहे. रस्ता कसला खराब, आरशासारखा. मग फाट्कन झालं आणि गाडी लंगडायला लागली. उतरून बघतो तर टायरची वरची पट्टी केळ्याच्या सालीसारखी सोलून मागे रस्त्यावर पडलेली. मामानं जुन्या टायरवर नवी पट्टी चिकटवली होती. तरी म्हटलं, दात इतके छान कसे! कवळीच होती की ती. आयुष्यभर कवळ्या केल्या आणि मला कवळी ओळखता आली नाही... पण काय करणार, दिसायला चांगले होते हो.

म्हटलं घाबरायचं नाही, स्टेपनी आहे. जॅक लावला, चाक काढलं, स्टेपनी आणली, बसवायला गेलो... बसेना. फिरवली, बसेना. मोजलं. गाडीला नट चार आणि चाकाला भोकं पाच. मी तिथं रस्त्यात बसलो. बाबा काच खाली करून म्हणाले, "थांबलो का आपण?"

एक चाक जमिनीवर पडलंय, मुलगा धुळीत बसलाय, गाडी जॅकवर उभी आहे, आणि म्हणे थांबलो का. मी म्हटलं, "जरासं."

बाबा उतरले. आत्यासाठी घेतलेली संत्र्यांची पिशवी उचलली आणि चालायला लागले. म्हटलं, फिरलं यांचं मन, चालले घरी. तिकडे आत्या दाराकडे डोळे लावून पडली असेल, उद्या काय होईल कोणी सांगावं, आणि मी चार पैसे वाचवायला गेलो आणि हे करून बसलो. धावत मागे गेलो, म्हटलं, "बाबा, असं नका करू, मी काहीतरी करतो..." आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं. मी म्हटलं, "बाबा, घर मागच्या बाजूला आहे."

ते थांबले नाहीत. म्हणाले, "घर कुठल्या बाजूला आहे ते मला कळतं."

आणि हात केला. पाण्याचा टँकर थांबला. या वयात, गुडघे धरून जिना चढणारा माणूस, टँकरच्या केबिनमध्ये चढला, संत्री आत ओढली, आणि गेला. त्यांचा फोन राहिला गाडीत. तो वाजला. बायको.

"पोचलात का?"

"बाबा पोचतील."

"म्हणजे? तुम्ही बरोबर नाही?"

"मी आहे... पण ते पुढे आहेत."

"पुढच्या सीटवर?"

मी फोन ठेवला. अहो, सांगणार काय? तुझे सासरे टँकरनं गेले? कुठला टँकर, कुणाचा टँकर, नंबरसुद्धा बघितला नव्हता मी.

टोइंगवाला आला, त्यानं सोललेला टायर बघितला, माझ्याकडे बघितलं आणि त्याला इतकं हसू आलं की हूक लावता येईना. शेवटी गाडीचं तोंड वर आणि मी त्याच्या शेजारी, असे आम्ही हॉस्पिटलला पोचलो. भेटीची वेळ टळून गेलेली. दारावरचा माणूस म्हणाला, "टँकरवाल्या आजोबांचे का तुम्ही? आत आहेत. वेळ संपली म्हटलं तर म्हणाले, माझी तर आत्ता सुरू होतेय. सोडलं मग."

वॉर्डच्या दाराशीच आवाज ऐकू आला.

"दोन पायऱ्या कापल्या त्यानं."

"मीच सांगितलं होतं कापायला," आत्याचा आवाज. बारीक झालेला. "त्यांना हातात करवत तरी धरता येत होती का? मी धरली होती."

मी दारातच थांबलो. बाबा म्हणाले, "तेव्हा का नाही बोललीस?"

"तू मला विचारलंस कुठे? त्यांच्याशीच भांडत राहिलास. आणि ते म्हणाले, असू दे, माझ्यावर राग आहे तोवर बहिणीवर नाही."

बाबांनी पिशवीतून एक संत्रं काढलं, सोललं. आत्याला डॉक्टरांनी काही खायचं नाही म्हणून बजावलेलं. मग ते स्वतःच खायला लागले, एकेक फोड तिला दाखवून, लहानपणी चिडवत असतील तसं. डोळ्यांतून पाणी चाललेलं आणि तोंडात संत्रं. आत्या हसायला लागली. नर्स आली, तिला हसवू नका म्हणाली. मग दोघांनी माझ्याकडे बघितलं. काळे हात, काळा शर्ट, धूळ. आत्या म्हणाली, "हा कोण?" बाबा म्हणाले, "टायरवाला."

मी एवढंच म्हटलं, दिसायला चांगले होते हो. कोणी ऐकलंसुद्धा नाही.

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टर म्हणाले, महिनाभर एकटं ठेवू नका, प्रवासात धक्के नकोत. मग काय, मी गेलो त्या पहिल्या दुकानात, बसा म्हणायच्या आधीच बसलो, आणि चार कोरे टायर घेतले. आत्याला घरी आणली. दोघं मागच्या सीटवर, माझ्या शेजारी कोणी नाही, आणि सबंध रस्ता "हळू, हळू". एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला, वर वळून हसला.

आता आत्या ठणठणीत आहे. आमच्या खोलीत झोपते, आम्ही हॉलमध्ये. दिवसभर दोघांची भांडणं, पत्त्यांवरून, पंख्यावरून, आईचा लाडका कोण होता त्यावरून. महिना होऊन गेला, म्हणून परवा मी बाबांना हळूच विचारलं, म्हटलं, आत्याला कधी सोडून येऊ?

बाबा म्हणाले, "नवे टायर किती टिकतात म्हणाला तो?"

मी म्हटलं, पाच वर्षं.

म्हणाले, "मग घाई काय आहे?"