हजेरी

(स्वयंपाकघर. चमच्यांचा खण ओट्यावर पालथा.)

मुलगी: अहो बाबा, एक चमचा मागितला होता! सगळा खण काय ओतताय?

बाबा: तू जर्मनमध्ये 'डी ल्योफेल' म्हणालीस. म्हणजे सगळे चमचे. घे, ढवळ चहा.

मुलगी: बरं, डेर. डेर ल्योफेल द्या.

बाबा: डेर कसा? तो नुसता पडून असला तर डेर. तुला हवाय ना? मग डेन.

मुलगी: चमचा तर तोच!

बाबा: माणूसही तोच असतो. घरात पायजमा, बाहेर पँट. आणि त्याच्या हातावर कुणी काही ठेवणार असेल तर डेम, म्हणजे कोट.

मुलगी: शिंप्याचं जर्मन! उद्या परीक्षक विचारतील, बटणं कुठायत?

बाबा: हसू नकोस, ठसका लागेल.

मुलगी: लागला! पण थांबा, तुम्हाला हे सगळं येतं कुठून?

बाबा: क्लासला जायचो.

मुलगी: कुठल्या?

बाबा: तुझ्याच. आई गेल्यावर तू वर्गाचे शेवटचे दोन महिने उशीत तोंड खुपसून होतीस. बाईंचा फोन आला, गैरहजेरी वाढली तर परीक्षेला बसू देणार नाही. म्हटलं, खुर्ची रिकामी कशाला ठेवा.

मुलगी: आणि हजेरी?

बाबा: तुझं नाव पुकारलं की मी 'हजर'. बाई चष्म्यावरून बघायच्या आणि टिक करायच्या.

मुलगी: सतरा नर्स आणि तुम्ही!

बाबा: पोरी मला सिस्टर म्हणतात. चौघींचे एप्रन काखेत घट्ट होते, उसवून दिले.

मुलगी: सिस्टर! आई गं, पोट दुखायला लागलं माझं.

बाबा: वो टुट एस वे?

मुलगी: म्हणजे?

बाबा: कुठे दुखतंय? नर्स तू आहेस की मी?

मुलगी: पुरे, पुरे! आईला कळलं असतं तर...

बाबा: दारापर्यंत सोडायला आली असती. वर भांग नीट पाड म्हणाली असती.

मुलगी: हो. तेच म्हणाली असती.

बाबा: पी, चहा निवतोय.

मुलगी: बाबा, मी उद्या नाही जात.

बाबा: हे काय आता?

मुलगी: पास झाले तर जर्मनीतल्या हॉस्पिटलात जावं लागेल. आणि तुम्ही इथे एकटे. गॅसवर दूध ठेवलेलं तरी आठवतं का तुम्हाला?

बाबा: उतू जातं. मी पुसतो.

मुलगी: चेष्टा नको. दिवसभर दुकान आहे, कळतं मला. संध्याकाळी कोण आहे तुम्हाला?

बाबा: पुढच्या वर्गात नाव घातलंय. या वेळी माझं स्वतःचं.

मुलगी: तुम्ही? कशासाठी?

बाबा: सवय लागली.

मुलगी: खरं सांगा.

बाबा: मंगळवारी आणि शुक्रवारी मी सातपर्यंत घरी नसेन. तिकडून फोन करशील तो त्यानंतर कर.