कुंकू न लावलेला शुक्रवार

(वरवंडच्या मंगलबाईंनी सांगितलं तसं)

ह्यो तुमचा मोबाईल चालू हाय का बंद? आवाज घेतोय म्हणता, मग दाखवा बरं इकडं, हां, दिसतंय. राग मानू नका, माझा सोभावच तसा हाय, कुणी न्हाई म्हटलं तरी मी बघते आन् कुणी व्हय म्हटलं तर जास्तच बघते. आमचे मालक म्हणत्यात, तुला पोलिसात घ्याया पायजे व्हतं. पण काय सांगू तुम्हाला, त्या कोरोनाच्या टायमाला ह्या संशयानंच माणसं राखली, आन् एक राखता आलं न्हाई, त्येबी सांगते.

आमी धनगर. माझा जलम पाबळच्या वरल्या अंगाला, बाप मेंढरं घिऊन हिंडायचा, पुढं थोडी शेती झाली तवा एका जागी बसला. बाजारातनं नवं मेंढरू आणलं की त्यो त्येला कळपात सोडायचा न्हाई, लांब बांधायचा, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, इकणारा कितीबी शपथा घेऊ दे. मी म्हणायची, आप्पा, चांगलं तर दिसतंय की. त्यो म्हणायचा, दिसतंय म्हणूनच बांधलंय. माझं समदं शिक्षण म्हंजी तेवढंच बघा.

लगीन होऊन वरवंडला आले, सासूला लकवा झाला, ती अंथरुणावरच, तिचं करता करता कूस कशी बदलायची, पाठ कशी पुसायची, भरवायचं कसं, समदं हाताला आलं. सासू गेल्यावर दौंडच्या एका म्याडमच्या ऑफिसात लागले, त्या घरोघरी पेशंट सांभाळाया बाया पाठवत्यात. आधी मीबी जायची पेशंटकडं, मग कोरोना आला आन् म्याडम म्हणल्या, मंगलताई, आता तुम्ही पेशंट सांभाळू नका, बाया सांभाळा. म्हंजी काय, तर घरोघरी जायचं, कोण शिंकतंय, कोण खोकतंय बघायचं, बाईला आत ठिवायची का माघारी आणायची त्ये मी ठरवायचं.

आन् लोकं? समदी न्हाईच म्हणायची. ताप हाय का, न्हाई. कुठं गेला व्हता का, न्हाई. गावात कळलं की उचलून नेत्यात, ह्याचं भ्या. तापाची गोळी खाऊन दारात हासत उभी ऱ्हायची, त्ये कपाळाला धरायचं मशीन काय घंटा सांगणार? म्हणून मी माणसाच्या तोंडाकडं बघायचीच न्हाई. दारातल्या चपला बघायची. दोरीवर गोधड्या किती वाळत्यात त्ये बघायची. एका घरात चपला लईच दिसल्या, चौकशी केली तर आत गुपचूप साखरपुडा, मी आमच्या बाईला हाताला धरून भाईर काढली. त्ये समद्या पट्ट्यात झालं, मंगल आली की बाई घिऊन जाती म्हणून. मग लोकं आणखीच लपवाया लागली. त्येबी खरं हाय.

आता मळ्यातल्या आबांचं सांगते. माळ्याचं घर, झेंडू-शेवंती करणारं, दौंडच्या अलीकडं वस्ती. आबा लकव्यानं पडलेले, बोलणं अर्धं समजायचं. पोरगा दत्ता, सून सुरेखा, आन् आबांचं करायला आमची रंजना, रोज सकाळी जायची आन् दिवस मावळायच्या आत माघारी, कारण तिच्या घरी सासू दम्याची. मी दर शुक्रवारी चक्कर मारायची. निघताना सुरेखावहिनी हळदीकुंकू लावल्याबिगर सोडायची न्हाई, सवाशीण दारातनं मोकळ्या कपाळानं जाऊ ने म्हणायची, मी गाडीला किक मारली तरी करंडा घिऊन पळत यायची.

त्या शुक्रवारी गेले. दत्ता ओट्यावर, मास्क पार नाकापर्यंत. मला तितंच खटकलं, एरवी ह्याचा मास्क हनुवटीला. ताप? न्हाई. कुठं गेला व्हता? कुठंच न्हाई ताई, फुलंबी कुठं जात न्हाईत तर मी कुठं जाऊ. मशीन धरलं, बरोबर. आबांना बघितलं, पाठ चांगली, रंजनाचं काम चोख. म्हटलं येते वहिनी. ती व्हय म्हणली आन् उभीच ऱ्हायली. मीबी उभीच. ती खाली बघतीय, मी तिच्याकडं बघतीय. करंडा काय येईना. तवा मी आत मान घालून देव्हारा बघितला. ओसरीत झेंडूच्या पाट्या भरून पडल्यात, इकायला गिऱ्हाईक न्हाई, आन् देवाला एक फूल न्हाई, दिवा न्हाई.

म्हटलं, वहिनी, कोण गेलं?

बघा, माझ्याशी खोटं बोलायला त्यांना काय वाटलं न्हाई, पण सुतकात देवाला शिवायचं न्हाई, कुंकू लावायचं न्हाई, त्ये काय त्यांना मोडता येईना. सुरेखा रडायलाच लागली. दत्ताचा चुलता, शिरूरकडं ऱ्हायचा, त्यो गेला, आन् ह्यो जाऊन खांदा दिऊन आलेला. दत्ता म्हणला हार्टनं गेला. मी म्हटलं हार्टनं गेला तर लपवलंस का रं? त्यो म्हणला, ताई, तुम्ही रंजनाला घिऊन गेला असता. आबांची कूस कोण बदलणार? आमाला जमतंय का त्ये? पण आल्यापास्नं मी आबांजवळ गेलो न्हाई, गोठ्यात झोपतो, आईशप्पत.

मी त्या शपथेवर काडीचा इस्वास ठिवला न्हाई. पण त्यो बाकीचं बोलला त्ये खोटं न्हवतं. रंजनाला नेली तर आबा जागच्या जागी सडणार, ठिवली तर ती आजार घरी नेणार, सासू जाणार. मला कळंना काय करावं. मग नजर गेली कांद्याच्या चाळीवर. कांदा अजून रानात, चाळ रिकामी, चारी अंगानं फटी, वारं आरपार. बापाचं मेंढरू आठवलं. मी रंजनाला बाजूला घेतलं, म्हटलं, बाई, तुझ्यावर जबरदस्ती न्हाई, पण घरी जायचं न्हाई, हितंच ऱ्हायचं, आबासंगट, त्या चाळीत. ती म्हणली, ताई, माझ्या सासूचं तेवढं तुम्ही बघा.

आबांची खाट आमी दोघींनीच उचलली, घरातल्या कुणाला हात लावू दिला न्हाई. उन्हासाठी पोती भिजवून फटींवर टांगली. घरातली भाकरी बंद, माझ्या घरनं डबा, त्योबी बांधावर ठिवायचा, मी लांब झाले की रंजनानं न्यायचा. सुरेखा म्हणली, आमाला वाळीत टाकलं व्हय? मी म्हटलं, व्हय, टाकलं.

मग दत्ताला ताप चढला. त्येला पुण्याला नेला, आन् त्यो काय माघारी आला न्हाई. अंगणात आणलासुदीक न्हाई. आबांना सांगायचं कुणी? रंजना म्हणली मी न्हाई, मी म्हटलं मी न्हाई. आन् एक दिवस सुरेखा चाळीच्या भाईर लांब येऊन उभी ऱ्हायली, नुसती उभी, आन् आबांनी फटीतनं तिचं मोकळं कपाळ बघितलं. आमाला काय सांगावंच लागलं न्हाई. त्यो म्हातारा लहान पोरावानी हुंदके देत व्हता, त्ये अजून माझ्या कानात हाय.

आबांना काय झालं न्हाई, रंजनाला न्हाई, तिच्या सासूला न्हाई. म्हंजी दत्ता खरंच गोठ्यात झोपत व्हता. बापाजवळ गेला न्हवता.

आताबी मी शुक्रवारी जाते. काम म्हणून न्हाई, अशीच. त्या वेळेनंतर निघताना सुरेखा करंडा माझ्या हातात द्यायची आन् तोंड फिरवायची, तुमचं तुम्ही लावा म्हणायची. मी लावून घ्यायची आन् निघायची. पण मागल्या शुक्रवारी माझ्याच्यानं ऱ्हावलं न्हाई, करंडा तिला माघारी दिला, म्हटलं, तूच लावायचीस ना, मग तूच लाव, न्हाईतर मी अशीच जाते. ती म्हणली, ताई, माझ्या हातचं चालतं व्हय? लोकं काय म्हणतील? आन् आबा खाटंवरनं, त्यांचं बोलणं तुम्हाला समजलं नसतं, मला समजलं, म्हणले, लाव की गं पोरी.

तिनं लावलं, कुंकू नाकावर सांडलं. मी तसंच ठिवलं, वरवंडपतोर पुसलं न्हाई. आबांना देव लई आयुष्य देऊ दे, आन् त्या पोरीलाबी. बंद करा आता त्यो मोबाईल. केला का? दाखवा.