कात्रीवरचा अंगठा

मुलगी : बाबा, हात दाखवा. उजवा.

बाबा : का गं, भविष्य सांगणार आहेस?

मुलगी : चेष्टा पुरे. दोन्ही कात्र्या आठ दिवस मिठाच्या फवाऱ्याखाली होत्या. तुमची मुलाम्याची जशीच्या तशी आहे. माझ्या कोटिंगची ही बघा.

बाबा : गंजली ना? तरी सांगत होतो! केसाहून पातळ थर तुझा, टिकणार किती? आपल्या टाकीतला मुलामा कसा, भरदार.

मुलगी : सगळी नाही गंजली. एवढ्याच जागी थर उडालाय, अंगठ्याएवढ्या. मधून तिरपी रेघ. तुमच्या अंगठ्याला पत्रा लागला होता, त्याच्या खुणेसारखी.

बाबा : अगं, तुझ्या कोटिंगच्या मशीनमध्ये ठेवण्याआधी जरा चोळून बघितली. तीस वर्षांत एकही नग हात फिरवल्याशिवाय पुढे सोडला नाही मी.

मुलगी : टाकीआधी तुम्ही नग तेजाबात बुडवता, तिथे चालून जातं. इथे धुतल्यावर बोट लागलं की संपलं, थर धातूला धरतच नाही. दारावर पाटी लावलीय मी!

बाबा : वाचली होती.

मुलगी : वाचली होती? म्हणजे मुद्दाम?

बाबा : ओरडू नकोस.

मुलगी : का नको? आत्ता दवाखान्याची माणसं येतील, त्यांच्या कात्र्यांना कुठला थर द्यायचा ते ठरवायला. हे बघून मुलाम्यालाच हो म्हणतील. टाकी चालू, आणि तुम्ही परत त्या वाफेवर वाकलेले! डॉक्टरांनी काय सांगितलं? त्या वाफेनंच नाकाच्या पडद्याला भोक पडलंय. परवा उशीवर रक्त होतं, आईनं गुपचूप अभ्रा धुतला. मला कळत नाही होय?

बाबा : टाकी बंद झाल्यावर मी काय करू, ते सांग. तुझं मशीन बटणावर चालतं. काचेतून बघत बसू? चालणार ते, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. म्हणून चोळली ती कात्री.

मुलगी : मग तसं बोलायचं की हो! मला वाटलं, माझ्यावर विश्वासच नाही तुमचा. बाबा, नगावर बारीक ओरखडा राहिला तर मला दिसत नाही, तुमच्या बोटाला कळतो. धुण्याआधी हवं तेवढं चोळा ना. मला हवंच आहे ते.

बाबा : आणि धुतल्यावर?

मुलगी : हातमोजे.

(फाटकापाशी गाडी थांबते.)

मुलगी : आले. आता काय सांगू त्यांना?

बाबा : कात्री दे इकडे. मी सांगतो.

मुलगी : काय?

बाबा : अंगठा माझा आहे म्हणून.