आबा येऊन गेले तवा मी झोपले व्हते

माझं माहेर देहूच्या पल्याडचं, इंद्रायणीच्या काठचं, आन लगीन होऊन पिंपरीला आले तवा मला धड पदर बी सावरता येत न्हवता. काय सांगू तुमाला, तवा हितं नुसता माळ, आन त्या माळावर कंपनी बांधाय घेतली व्हती. सासूबाई मला संगं घेऊन खडी वाहायला जायच्या. एक दिस फळीवरनं पाय घसरला आन मी कंबरंवर आदळले. रगात न्हाई, सूज न्हाई, मग दुखणं कुणाला दिसावं.

सासूबाई म्हणल्या, कोवळ्या हाडाला कसलं आलंय दुखणं, बिब्बा घालू, जाईल. बिब्ब्यानं कातडं भाजलं, ठणका तसाच. रातभर डोळ्याला डोळा न्हाई, कूस बदलायची ती दात आवळून, आन दिवसा डोक्यावर घमेलं असताना डोळे मिटायचे. ते सासूबाईंनी बघितलं. ज्याला दुखतं त्याला झोप येत न्हाई, म्हणायच्या, हिला तर उभ्या उभ्या येती, सोंग हाय सगळं. बाई काय वाईट न्हवती, तिला तसंच ठावं व्हतं.

शेवटी बांगड्या भरायला कासारीण आली, ती आमच्या गावाकडं फिरायची. तिला हळूच म्हणलं, मावशे, माझ्या बापाला सांग, आबा, मला घेऊन जावा, न्हाईतर मी हितंच मरंन.

आन आबा आले ते नेमके दुपारच्या सुट्टीत. मी लिंबाखाली भुईवरच पडले व्हते, आन मला झोप लागली व्हती, लई दिसांनी, गाढ. सासूबाईंनी तिथवर आणलं त्यांना, म्हणल्या, बघा तुमची आजारी लेक. आबांनी हात जोडले म्हणं त्यांच्यापुढं, पोर अजून अल्लड हाय, पदरात घ्या म्हणले, आन मला न उठवता आले तसे गेले. जागी झाले तर उशाशी खारकांची पुडी. परत मी निरोप धाडला न्हाई. राग आला व्हता मला आबांचा, अजून हाय, खोटं कशाला बोलू.

कंबर तशीच घेऊन पोरंबाळं झाली, म्हातारी झाले. आता नात कालेजातनं आली की पाठ धरून निजती, भर दिवसा, आन सून चिडती, काय ही झोपाळू पोर. मी म्हणते, निजू दे गं तिला. पर उठली की इचार, कुठं दुखतंय.