देवरुखची सफरचंदं

सदाकाकांच्या सफरचंदांचं ऐकलंत की नाही? देवरुखच्या वर डोंगरात त्यांची बाग. रोपं घ्यायला रत्नागिरीत माझ्याच दुकानात आले. मी म्हटलं, "काका, कमी थंडीतही फळ धरणाऱ्या जाती आहेत. ॲना गोड, पण परागासाठी तिच्या शेजारी डोरसेट लावावं लागतं. नव्याण्णव नंबर मात्र एकटा धरतो."

"तो एकटाच दे. आमच्यात शेजाऱ्याच्या भरवशावर राहिलं तर फूलसुद्धा यायचं नाही!"

झाडं लागली, फळं धरली. पहिली पाटी घेऊन काका माझ्याच दुकानात विकायला बसले. काकूंनी घरी बजावलं होतं, "ही विकली नाहीत, तर झाडं तोडून काजू लावीन."

गिऱ्हाईक विचारी, "कुठली हो?" काका ऐटीत सांगत, "आपल्या देवरुखची!" की गिऱ्हाईक हातातलं फळ अलगद खाली ठेवी. एक बाई तर म्हणाल्या, "कोकणातलं सफरचंद? आंबट ढाण असणार." काकांनी फोड कापून पुढे केली, तरी तोंडात घालीनात.

दुपारपर्यंत पाटी तशीच. मग आणखी एकाने विचारलं, "कुठली?" काकांनी माझ्याकडे पाहिलं नि म्हणाले, "काश्मीरची."

तासाभरात पाटी रिकामी.

मी म्हटलं, "अहो काका, कर्नाटकचा आंबा कोणी रत्नागिरीचा म्हणून विकला, की तुम्ही भर बाजारात त्याची पेटी उलटी करता. आणि हे काय?"

रिकामी पाटी झटकत काका म्हणाले, "तो लोकांना फसवतो रे. मी नुसती त्यांची समजूत काढली."