चार पॉइंट सहा

अगं, आमच्या मीटरचं तुला सांगितलंच नाही! मानपाड्याला आमचा दह्याचा गाळा आहे ना, तिथे नवऱ्याने, महेशने, आंबटपणा मोजायचा मीटर आणला. खिशात मावेल एवढासा! दही लागताना जितका आंबटपणा वाढतो, तितका त्याच्यावरचा आकडा खाली येतो. चार पॉइंट सहा झाला की पातेली लगेच फ्रीजमध्ये, नाहीतर दही आंबट. आणि दुसऱ्या दिवशी लग्नाची आमची पहिली मोठी ऑर्डर! दही गोडच पाहिजे, असं पार्टीने बजावलेलं.

महेश मॅचचा स्कोअर सांगावा तसा ओरडत होता, "चार पॉइंट नऊ! चार पॉइंट आठ!" शेजारच्या गाळ्यातले वेल्डर काम सोडून बघायला आले. याने मधेच त्यांच्या चहातसुद्धा मीटर बुडवून दाखवला, बोल! चार पॉइंट सहा झालं तेव्हा तर टाळ्या पडल्या. मी पातेली फ्रीजमध्ये ठेवली, याने मीटर चार्जिंगला लावला आणि आम्ही खुशीत घरी.

सकाळी फ्रीज उघडला, तर आत गारवाच नाही.

"अरे, फ्रीज बंद कसा?" मी किंचाळले.

"बॅटरी संपलेली गं मीटरची," महेश म्हणाला. "फ्रीजचा प्लग काढून तिथे लावला. सॉकेट एकच आहे ना."

मला रडू फुटायचंच बाकी होतं. आणि हा माणूस काय करतो? चार्जिंगवरून मीटर काढतो, पातेल्यात बुडवतो आणि हरखून माझ्यासमोर धरतो.

"चार पॉइंट एक! बघ, फुल चार्ज झाल्यावर कसा पटकन दाखवतो!"