रडार डिटेक्टर चोरीला गेलेला नाही, याबाबत

मी, पद्मिनी नरेंद्र देवतळे, वय ६८ वर्षे, सेवानिवृत्त ग्रंथपाल, मूळ राहणार नागपूर, सध्या मुक्काम मुलगा शंतनू याच्या घरी, अल्फारेटा, जॉर्जिया, स्वतः पोलीस ठाण्यात हजर राहून सांगते की, मला इंग्रजी कळते, पण चूक नको म्हणून मराठीत बोलत आहे. दुभाषी वैदेहीबाई शेजारी बसल्या आहेत.

शंतनूने काल गाडीतला रडार डिटेक्टर चोरीला गेल्याची तक्रार दिली. चोरी झालेली नाही. तो मी काढला व पोह्यांच्या डब्यात ठेवला. आज सोबत आणला आहे.

मुलगा जोरात गाडी चालवतो. पुढे पोलीस वेग मोजत असले की हे यंत्र आधी वाजते, म्हणजे गाडी वेळेवर हळू करता येते. ती मुळातच हळू का चालवू नये, असे मी विचारले होते.

यंत्र निवडण्यात शंतनूचा सगळा हिवाळा गेला. जेवताना तो त्याचेच व्हिडिओ बघायचा. पहिले यंत्र दुकानांच्या आपोआप उघडणाऱ्या दारांपाशी वाजायचे, ते परत केले. दुसरे शेजारून जाणाऱ्या गाड्यांना वाजायचे, तेही परत केले. तिसरे आणले तेव्हा सूचनांना बाईचा आवाज ठेवू की पुरुषाचा, असे त्याने मला विचारले. माझी सून रुचा हिला त्याने एका भेटीत पसंत केले होते.

गेल्या मंगळवारी सकाळी शंतनू माझ्या नातीला, केयाला, शाळेत सोडायला निघाला. वय सात. मी तिच्याजवळ मागे बसले होते. शाळेपाशी गाडी हळू करायचे पिवळे दिवे लुकलुकत होते. मुलांना रस्ता ओलांडून देणारे म्हातारे गृहस्थ हातात 'थांबा'ची पाटी धरून मधोमध उभे होते. त्यांच्यामागे एक बाई बाबागाडी घेऊन निघाली होती. शंतनूने ब्रेक मारला. गाडी पांढऱ्या पट्ट्याच्या पुढे जाऊन थांबली. त्या गृहस्थांनी बॉनेटवर हात टेकला व तसेच उभे राहिले. केयाचा डबा खाली पडून उघडला.

शंतनूने यंत्राकडे पाहिले. तो म्हणाला, "आई, हा वाजलाच नाही."

संध्याकाळी तो कंपनीला ईमेल लिहीत बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी केया मला म्हणाली, "आजी, कॅन वी वॉक?" शाळा चालत जाण्याजोगी नाही. तो घरूनच मीटिंगमध्ये असताना मी यंत्र काढले.

त्याने मला विचारले असते तर मी सांगितले असते. त्याने विचारले नाही. समोरच्या घरी गवत कापायला येणाऱ्या माणसावर संशय असल्याचे त्याने पोलिसांना सांगितले. काल दुपारी अधिकारी त्या माणसाशी बोलत होते, ते मी खिडकीतून पाहिले. त्याने मशीन बंद केले होते व टोपी काढून हातात धरली होती. मी रुचाला ऑफिसात फोन करून सर्व सांगितले. आज सुट्टी टाकून तिने मला येथे आणले. शंतनू मागून आला, बाहेर बसला आहे. तो म्हणाला, "आई, मला सांगायचं ना." मी म्हटले, "अजून कसं सांगू?"

या राज्यात हे यंत्र वापरायला बंदी नाही, त्यामुळे ते मालकाला परत द्यावे लागेल, असे साहेबांनी समजावले. माझी हरकत नाही. मात्र चोरी झालेलीच नाही, हे त्या गवत कापणाऱ्या माणसाला कोणीतरी जाऊन सांगावे. शंतनूने सांगितले तर बरे.

हा जबाब वैदेहीबाईंनी मला सावकाश वाचून दाखवला. त्यात 'मुलगा कधी कधी जोरात गाडी चालवतो' असे लिहिले गेले होते. त्यातील 'कधी कधी' मी खोडायला लावले. बाकी माझ्या सांगण्याप्रमाणे आहे, म्हणून सही करते.